पहिलाच गेमिंग पीसी जोडतोय: ३६०चा लिक्विड कूलर घेऊ की नको?

अर्धा_स्क्रू (धागाकर्ता)

मंडळी, आजवर लॅपटॉपवर खेळलो, आता एकेक पार्ट निवडून पीसी जोडायचा घाट घातलाय. यादी अशी: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५-६००० रॅम, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ, तो आधीच घेऊन ठेवलाय. कॅबिनेट समोरून आणि बाजूने काचेची आणि तीत ३६० मिमीचा एआयओ, म्हणजे तीन पंख्यांचा लिक्विड कूलर.

भांडण कूलरवरून आहे. मामेभाऊ म्हणतो, साधा एअर कूलर लाव, पाण्याचे लाड कशाला? माझं म्हणणं, एवढा महागाचा प्रोसेसर घ्यायचा आणि तो थंड ठेवताना हात आखडायचा, हे पटत नाही. शिवाय ८९ अंश ही त्याची कमाल मर्यादा आहे हे वाचल्यापासून धास्तीच बसलीय. बजेट आधीच ताणलंय, आणखी वाढणार नाही. बोला.

निवांत_पंखा

मामेभावाचं ऐका.

७८००एक्स३डीचा टीडीपी (किती उष्णता टाकेल त्याचा कंपनीचा आकडा) कागदावर १२० वॅट आहे, पण गेम खेळताना तो बहुतेक वेळा ५० ते ७० वॅटमध्ये भागवतो. त्याच्यापुढे ३६०चा रेडिएटर (लिक्विड कूलरचा पंखे लावलेला, पाणी थंड करणारा भाग) म्हणजे एका माणसासाठी अख्खी बस भाड्याने घेणं. त्यातून उष्णता जिथे अडते ती जागा चिपच्या आतच आहे. आठही कोअर जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात कोंबलेत, त्यावर कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) सिलिकॉनचा दुसरा मजला, त्यावर जाडजूड धातूचं झाकण. ही उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो, मग वर तीन पंखे लावा नाहीतर सहा. पुढच्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने हा कॅशचा मजला कोअरच्या खाली नेला, तो यासाठीच.

थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई घ्या. सहा हीटपाइप, दोन पंखे, उंची १५५ मिमी. विषय संपला.

रेडिएटरराव

विषय संपला कसा? आत्ता कुठे सुरू झालाय.

एअर कूलर वॅट वाहून नेतो, मान्य. पण नेऊन टाकतो कुठे? कॅबिनेटच्या आतच. खाली ग्राफिक्स कार्ड १८० वॅट ओकतंय, ती गरम हवा वर येते आणि तुमचा टॉवर (उभा एअर कूलर) तीच हवा पुन्हा प्रोसेसरवर फिरवतो. लिक्विड कूलर निदान प्रोसेसरची उष्णता नळीतून थेट कॅबिनेटच्या कडेला नेऊन सोडतो.

दुसरं, आवाज. रायझनचं तापमान सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं. एअर कूलरचा पंखा प्रत्येक उडीबरोबर घूं करून वर जातो आणि खाली येतो. पाण्याला तापायला वेळ लागतो, त्यामुळे पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर बांधला की ते एका लयीत फिरतात. रात्री खेळणाऱ्याला हा फरक कळतो.

तिसरं, मोठे टॉवर सव्वा-दीड किलोचे असतात. नॉक्चुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३ किलो भरतो. पीसी घेऊन घर बदलायची वेळ आली की एवढं वजन मदरबोर्डवर लोंबकळत न्यायचं?

निवांत_पंखा

@रेडिएटरराव, तुमचा रेडिएटर बसणार छतालाच ना? मग ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर येते ती त्याच्याच पत्र्यांतून बाहेर पडते. म्हणजे खातोय तोही उष्टीच हवा. समोर लावलात तर प्रोसेसरची उष्णता ग्राफिक्स कार्डाच्या तोंडावर.

पंख्याच्या घूं-घूंवर उपाय बायोसमध्येच (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) आहे. फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते) सपाट करा, वेग वाढायच्या आधी काही सेकंद थांबायची सोय असते ती वापरा. फुकटात होतं.

वजनाचा मुद्दा मान्य. लांबचा प्रवास असेल तर टॉवर काढून न्यावा.

जुनी_खोड

एक गंमत सांगतो. पाणी विरुद्ध हवा हे भांडण मुळात खोटं आहे, कारण एअर कूलरच्या हीटपाइपमध्येही पाणीच असतं! तांब्याच्या बंद नळीत थोडंसं पाणी, दाब अगदी कमी, त्यामुळे ते १०० अंशांच्या कितीतरी खालीच उकळतं. प्रोसेसरपाशी वाफ होते, वर पत्र्यांपाशी जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत खाली येते. पंप नाही, मोटर नाही. बिघडायला आहे काय? बाहेरचा पंखा. तो गेला तर कुठलाही १२०चा पंखा क्लिपने लावायचा.

आता माझा एआयओ कसा गेला ते ऐका (कंपनीचं नाव घेत नाही, जखम अजून ओली आहे). गळला वगैरे नाही. चार वर्षांत रबरी नळ्यांतून पाणी कणाकणाने उडत गेलं, आत हवा साठली, पंपातून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली. मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस गेमचा नुसता मेनू उघडा असताना प्रोसेसर ९५ अंशांवर. प्रोसेसर वाचला, तो आपणहून वेग कमी करतो. पण वॉरंटीत कूलर बदलून येईपर्यंत तीन आठवडे पीसी फडताळावर.

रेडिएटरराव

@जुनी_खोड, वाईट वाटलं, पण तुमचा रेडिएटर लावला कसा होता हे विचारायला हवं. पंप जर लूपमधली, म्हणजे पाणी फिरतं त्या वाटेतली, सगळ्यात उंच जागा असेल तर आत साठलेली हवा पंपातच येऊन बसते. रेडिएटरचा वरचा भाग पंपाच्या वर हवा, मग हवा तिथे जाऊन गुमान पडून राहते. २०२०मध्ये यावर यूट्यूबवर धुरळा उडाला होता.

जुनी_खोड

समोर लावला होता. नळ्या वरच्या बाजूला. पण पंपाच्या वरपर्यंत गेला होता हो रेडिएटर. असो. मी काही आता पाण्याकडे परत जाणार नाही. दुधाने तोंड पोळलंय.

गुडघ्यात_मेंदू

+१ निवांत_पंखा. बाकी वाचतोय.

फ्रेममोजणी

सगळे कूलरवर तुटून पडलेत आणि यादीतला खरा घोटाळा कुणालाच दिसत नाहीये. १४४०पी मॉनिटर, ७८००एक्स३डी, ३६०चा कूलर आणि ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं? आधी कळस मग पाया!

कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेलं टेक्स्चर मुख्य रॅममध्ये ठेवावं लागतं आणि पीसीआय स्लॉटमधून ये-जा सुरू होते. ५०६० टीआयला त्या स्लॉटच्या १६ पैकी ८ लेनच (डेटाच्या वाटा) आहेत. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरा दिसेल, पण वळणावर गाडी वळवली की चित्र अडखळेल. काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात, ते तर आणखी फसवं. हेच कार्ड १६ जीबीमध्ये मिळतं, चिप तीच. ३६०चा एआयओ सोडून टॉवर घेतलात तर वाचलेल्या पैशांत हा फरक बहुतेक भरून निघेल. माझ्या मते इथे पाणी की हवा हा प्रश्नच नाही.

आणि खरं सांगू, प्रोसेसरही खाली आणा. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा आहे, डब्यात कूलर सोबत येतो. १४४०पीला ५०६० टीआयच आधी दमणार, एक्स३डी बाजूला हात बांधून उभा राहील. त्या पैशात कार्ड थेट एक इयत्ता वर.

रेडिएटरराव

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. प्रोसेसर चांगला घेतलाय तो राहू द्या. ग्राफिक्स कार्ड बदलणं दोन स्क्रूंचं काम, जुनं विकलंही जातं. प्रोसेसर बदलायचा तर कूलर काढा, पेस्ट पुसा, सगळं आलं. शिवाय स्ट्रॅटेजी, सिम्युलेशन, गर्दीचे ऑनलाइन गेम, इथे एक्स३डीची कॅश खरंच कामाला येते.

फ्रेममोजणी

असहमत. एएम५ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२चं आहे आणि एएमडीने २०२७ आणि पुढेही ते चालू ठेवायचं कबूल केलंय. आज ७६०० घेऊन तीन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी बसवता येईल. 'नंतर बदलू' हा युक्तिवाद दोन्हीकडून चालतो, तुम्ही एकाच बाजूने चालवताय.

लोखंडी_हात

मी तर म्हणतो इंटेल आय९ १४९००के घ्या आणि ३६० लावा, दोघं शोभतील.

निवांत_पंखा

@लोखंडी_हात, शोभतील हे खरंच. तो पूर्ण जोरात २५३ वॅट खातो, तिथे ३६०ला विरोध करणारा मी नाही. कूलर प्रोसेसर बघून ठरतो एवढंच माझं म्हणणं आहे. पण पहिल्या पीसीला तो प्रोसेसर? २०२४मध्ये त्या पिढीत व्होल्टेजमुळे चिपा झिजायची भानगड झाली, इंटेलला मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्रॅम) बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. घेतलाच तर पहिलं काम बायोस अपडेट.

लोखंडी_हात

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

काचेचा_शत्रू

माझा आयडी बघून कळलंच असेल. समोर सलग काच असेल आणि खालून किंवा बाजूने हवा घ्यायची सोय नसेल तर पंखे हवा ओढणार कुठून? फटींतून? कूलर कुठलाही लावा, तो कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आतली हवा दहा अंशांनी तापली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही साधारण तेवढेच वर जातात.

जोडून झाल्यावर एक चाचणी करा. अर्धा तास गेम चालवा, तापमान लिहून ठेवा. मग बाजूची काच काढून पुन्हा अर्धा तास. आकडे धाडकन खाली आले तर दोष कॅबिनेटचा. समोर जाळी, आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक, एवढं तुमच्या यादीला पुरेसं आहे.

अवांतर: कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. हसू नका, मी विसरलो होतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, मदरबोर्डला नव्हे. डीडीआर५-६००० आपोआप ६०००वर चालत नाही, बायोसमध्ये एक्सपो (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) चालू करावं लागतं. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ बोर्ड रॅमची ओळख करून घेत काही मिनिटं काळा पडदा दाखवत बसतो. त्या काही मिनिटांत माझ्या भाच्याने तीनदा बटण दाबून पीसी बंद केला आणि बोर्ड मेला म्हणून मला फोन.

रेडिएटरराव

काचेत काय वाईट आहे? स्वतःच्या हाताने जोडलेली वस्तू बघाविशी वाटते माणसाला. सगळं काही अंशात आणि वॅटमध्ये मोजायचं असेल तर मग आकडेमोडच खेळा.

अर्धा_स्क्रू (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, डोकं मात्र ८९ अंशांवर गेलंय.

निर्णय: ३६० रद्द, पीअरलेस असॅसिन घेतोय. त्यातून ८ जीबीचं कार्ड १६ जीबीचं होतंय. ७८००एक्स३डी ठेवणार, फ्रेममोजणी यांची माफी मागून. मी तासन्तास शहरं वसवणारे गेम खेळतो, तिथे प्रोसेसरच दमतो, हे मी आधी सांगायला हवं होतं. समोर जाळी, बाजूला काच, रेडिएटररावांसाठी.

नवी कॅबिनेट १६० मिमी उंचीपर्यंतचे कूलर घेते, कूलर १५५. म्हणजे बसतोय.

फ्रेममोजणी

शहरं वसवणारे गेम? मग ७६००चं म्हणणं मागे घेतो. हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर माझा एक परिच्छेद वाचला असता.

निवांत_पंखा

थांबा. १५५ ही टॉवरची उंची. पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅम कुठली घेताय, साधी की उंच आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पट्टीवाली? उंच असेल तर पंखा वर सरकवावा लागेल आणि पाच मिमीच हातात आहेत.

अर्धा_स्क्रू (धागाकर्ता)

आरजीबी. आलीये कालच. मोजपट्टी शोधतो.

रेडिएटरराव

३६०ला हा प्रश्न आला नसता. फक्त सांगतोय.