'स्वमग्न', 'ऑटिस्टिक' की आणखी काही? निदानानंतर लोकांना सांगताना कुठला शब्द वापरायचा

निळी छत्री: वय 36, नुकतंच ऑटिझमचं निदान झालंय, म्हणजे मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी, त्यामुळे लोकांशी बोलणं-वागणं आणि आवाज वगैरे सोसणं इतरांपेक्षा वेगळं. मला खरं तर बरंच वाटलं, आयुष्यभर आखडू, माणूसघाणी, तऱ्हेवाईक ऐकलं त्याला काहीतरी कारण तरी मिळालं. पण आता घरी-दारी सांगायचं कसं? सासूबाईंना म्हटलं मी स्वमग्न आहे, तर म्हणाल्या अगं मी पण होते कधीकधी, दूध उतू जातं माझं. आत्याला 'ऑटिझम' म्हटलं तर लगेच, कधी झाला गं, गोळ्या दिल्यात का? मराठीत नीट शब्द आहे का यासाठी?

शब्दखोर: सासूबाईंचं चुकलं नाही हो. मराठीत स्वमग्न म्हणजे आपल्याच तंद्रीत असलेला, लिहिणाऱ्या-गाणाऱ्या माणसाला कौतुकाने पण म्हणतात. ग्रीक ऑटोस म्हणजे स्वतः, त्यावरून स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलरने 1911 च्या आसपास ऑटिझम शब्द आणला आणि तोही स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून! बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने ऑटिस्टिक मुलांवरचा त्याचा प्रसिद्ध लेख लिहिला तो 1943 मध्ये. म्हणजे आपण भाषांतर केलं ते शब्दाच्या मुळाचं, आज त्या शब्दाने जे ओळखलं जातं त्याचं नाहीच. हिंदीतल्या सरकारी 'स्वपरायणता'चं पण तेच, त्यात तर स्वार्थी असल्याचा वास येतो.

ओटीवरची: मला क्रियापद जास्त खटकतं. 'झाला' म्हटलं की आजार, ताप आला, कावीळ झाली, मग बरी कधी होणार हा प्रश्न ओघाने आलाच. 'निदान झालं' म्हणा, ते आत्ता झालंय. ऑटिझम मात्र 'आहे', जन्मापासून. किंवा सरळ 'मी ऑटिस्टिक आहे', जसं मी डावखुरी आहे. मला डावखुरेपण झालंय असं कोणी म्हणत नाही ना.

फणसगरे: माझा मुलगा 11 वर्षांचा, बोलत नाही, रात्रीची झोप नाही, रस्त्यावर हात सुटला तर धावत सुटतो. तुम्ही सगळे इथे छान परिच्छेद लिहिताय म्हणून विचारतो, डावखुरा आणि हे सारखंच का? राग नाही, पण आम्हाला स्वमग्न शब्दाने किमान शेजारी समजून तरी घेतात.

ओटीवरची: बरोबर आहे तुमचं. मी फक्त व्याकरणापुरतं म्हणत होते, पण उदाहरण हलकं पडलं खरं.

शब्दखोर: इथेच 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या नावातला स्पेक्ट्रम शब्द घोळ घालतो. वर्णपट म्हटलं की लोकांना एका टोकाला सौम्य आणि दुसऱ्या टोकाला तीव्र अशी पट्टी दिसते. पण एखादीला भाषा उत्तम असेल आणि आवाज अजिबात सहन होत नसेल, दुसऱ्याचं बरोब्बर उलट. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, अ‍ॅस्पर्जर वगैरे वेगळी नावं काढून सगळं एकाच नावाखाली आणलं, त्यामुळे फणसगरेंचा मुलगा आणि निळी छत्री दोघांनाही एकच शब्द. म्हणून तर शब्दापुढे एक वाक्य जोडावंच लागतं.

मास्तर: कागदोपत्री भानगड वेगळी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्राच्या फॉर्मवर जो शब्द छापलाय तोच लिहा, तिथे भाषाशुद्धी करत बसू नका, अर्ज परत येतो. आणि कृपा करून गतिमंद, मतिमंद हे शब्द यासाठी वापरू नका, शाळेत अजून ऐकतो मी.

निळी छत्री: धन्यवाद सगळ्यांना. फणसगरे, तुमचा मुद्दा लक्षात राहील. मी ऑटिझमच म्हणायचं ठरवलंय, पुढे माणूस बघून वाक्य. आत्याला सांगितलं, लग्नाच्या हॉलमध्ये डीजे, भांडी, दहा जणांचं बोलणं सगळं मला सारख्याच मोठ्याने ऐकू येतं, कुठलं मागे टाकायचं ते डोक्याला जमत नाही, म्हणून मी बाहेर जाऊन बसते, रुसलेली नसते. हे तिला कळलं! ऑफिसात एवढंच, कामं तोंडी सांगू नका, मेल करा. अडतंय ते मास्किंगपाशी, म्हणजे आपलं वेगळेपण दाबून चारचौघांसारखं वागणं. मुखवटा म्हटलं की मी फसवत होते असं वाटतं, सोंग तर त्याहून वाईट.

ओटीवरची: 'निभावून नेणं' कसं वाटतं? चारचौघांत निभावून नेते आणि घरी आले की दोन दिवस आडवी होते. यात लबाडी नाही आणि दमणूक पण येते.

शब्दखोर: चालेल की. फक्त 'सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात' म्हणणाऱ्यांना त्यातलं दोन दिवस आडवी हे आधी सांगा.

फणसगरे: निभावून नेणं आवडलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणे हे तर आपलं पण आहे.