स्वप्ने लक्षात राहावीत आणि स्वप्नातच भान यावे, यासाठी काय करावे?

गंगावेसकर : नमस्कार. आजीला जाऊन दोन वर्षे झाली. ती स्वप्नात येते एवढे जाग येताना जाणवते, पण पांघरुणाची घडी घालेपर्यंत तिचे बोलणे पार पुसले जाते. म्हशींच्या धारा काढून दूध कट्ट्यावर न्यायचे असल्याने मी अकराला झोपतो आणि चारच्या गजराला उठतो. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे भान येऊ शकते, असे वाचले. गोळ्या-औषधे न घेता हे शिकता येईल का?

रंकाळाकाठ : येईल, परंतु आधी आठवण, मग भान, हा क्रम सोडू नका. ज्या झोपेत डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात, ती साधारण दर दीड तासाने येते. पहिल्या खेपेला काही मिनिटेच टिकते आणि पहाटेकडे लांबत जाते. तुमचा गजर नेमका हाच भाग कापतो, म्हणून नऊला अंथरुणावर पडा. जाग आल्यावर कूस बदलू नका, मोबाईलला हात लावू नका. डोळे मिटून हाती असलेला शेवटचा तुकडा धरा आणि तिथून मागे जा. मग उशाच्या वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात 'ओला जिना' एवढे दोनच शब्द होते, तिसऱ्या आठवड्यात पान भरू लागले.

बुधवारपेठी : वरील क्रम मलाही मान्य आहे. भानाविषयी सांगायचे तर, १९७५ साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नातून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी दिलेली खूण यंत्रावर टिपली. त्या झोपेत बाकीचे शरीर जवळजवळ लुळे असले तरी डोळे मोकळे असतात. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी रुजवलेली रीत मी वापरतो : पहाटे स्वप्नातून जाग आली की ते पुन्हा मनात आणायचे, त्यातील विसंगती हेरायची आणि 'पुढच्या वेळी हे ओळखेन' असा निश्चय करत झोपायचे. माझ्या वहीत कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पाण्यातला संध्यामठ वारंवार येई, भर पावसाळ्यातही कोरडाठाक. एका पहाटे त्याच्या पायरीवर बसलो असता 'आषाढात रंकाळ्याचे पाणी गेले कुठे?' हा प्रश्न पडला आणि भान आले. आनंदाच्या भरात लगेच जागही आली, हे खरे. मात्र यासाठी रोज झोपमोड करू नये, आणि ज्यांना भास होण्याचा मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

गंगावेसकर : दोघांचेही मनापासून आभार. महिनाभर नऊला झोपतो आहे. भान अद्याप आलेले नाही, पण आज गजराच्या आधीच जाग आली आणि तसाच निपचित पडून राहिलो, तेव्हा गोठ्याच्या दारातून आजीने विचारलेले पूर्ण वाक्य हाती लागले. ते वहीत तिच्याच शब्दांत लिहिले आहे : "रेडकाला पाजलंस का रं?"