मदत हवी: जिप्सममधल्या ओडीचा पट्टा फुटत नाहीये, पुण्याचा स्लॉट पुढच्या आठवड्यात

रंकाळाकाठ: थोडं जड पाणी मिसळून जिप्सम बनवलंय, म्हणजे त्यातल्या पाण्यात काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (डी, जड हायड्रोजन) आहे; ओडी म्हणजे ऑक्सिजन-ड्युटेरियम बंध. त्याचं कंपन किती टिकतं ते मोजायला पुण्यात पंप-प्रोबचा (एका लेझर स्पंदानं कंपन जागवायचं, दुसऱ्यानं बघायचं) स्लॉट मिळालाय. त्याआधी हितं कोल्हापुरात एफटीआयआर (अवरक्त शोषणाचा आलेख) काढला, तर २५०० सेमी⁻¹ जवळ दोन शिखरांऐवजी एकच पसरट ढीग. काय करू? लवकर सांगा.

पंचगंगा: डी२ओ (जड पाणी) किती? गोळी की एटीआर (गोळी न करता पूड थेट दाबून मोजणं)?

रंकाळाकाठ: केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) गोळी. डी२ओ निम्मं.

एटीआरवाला: केबीआर सोडा. खलात घोटताना पाणी उडून अर्धं बासानाइट (पाणी कमी झालेलं जिप्सम) झालं असणार. शिवाय ह्या पावसात केबीआर हवेतलं पाणी ओढतंय.

बापटकॅम्प: जिप्सम म्हणजे ज्याला भाजून पीओपी करतात तेच ना? गोणी उघडी ठेवू नका, ओल लागली की माल सेट होत नाही. मूर्तीवाल्यांना दरवर्षी सांगतो.

जुना_स्पेक्ट्रो: एटीआरवाले, हातानं घोटून एवढं पाणी जात नाही. जिप्समला १६२० आणि १६८५ असे दोन पट्टे असतात, बासानाइटला १६२० चा एकच. १६८५ आहे का बघा.

रंकाळाकाठ: आहे, ठळक आहे.

एटीआरवाला: तरी एटीआरवर एकदा बघाच. ओलीचा प्रश्न उरतोच.

जुना_स्पेक्ट्रो: ओलीचं पाणी ३४०० ला दिसेल, २५०० ला नाही. घोळ निम्म्या डी२ओचा आहे. त्यात एचडीओ (एक साधा हायड्रोजन, एक डी) ५० टक्के आणि डी२ओ २५ टक्के होतं. शेजारी शेजारी ओडी आले की कंपनं एकमेकांत गुंततात, पट्टा पसरतो. पंप-प्रोबमध्ये तर ऊर्जा शेजाऱ्याकडे उडी मारते. साध्या द्रव पाण्यात ही उडी साधारण १०० फेम्टोसेकंदांत होते, आणि साध्या पाण्यातल्या सुट्या एचडीओचा ओडी १.८ पिकोसेकंदांच्या आसपास टिकतो. म्हणजे तुम्ही मोजाल उडी, आणि लिहाल आयुष्य. डी२ओ ५ टक्के घ्या: एचडीओ ९.५ टक्के, डी२ओ फक्त ०.२५. जिप्सममधल्या पाण्याचे दोन हायड्रोजन सारखे नसतात, म्हणून मग दोन शिखरं सुटी होतील.

रंकाळाकाठ: इतक्या कमीत सिग्नल येईल?

जुना_स्पेक्ट्रो: येईल. जिप्सममध्ये पाणी दाट असतं. पण पूड लेझर विखुरते, त्याचं काय?

पंचगंगा: मोठा स्फटिक वाढवून (०१०) पृष्ठावर पापुद्रा काढा. सुरेख सुटतो.

रंकाळाकाठ: आठवड्यात स्फटिक कुठनं आणू?

जुना_स्पेक्ट्रो: मग बारीक पूड नुजोलमध्ये (खनिज तेल) कालवून कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन खिडक्यांत दाबा. नुजोलचा सीएच (कार्बन-हायड्रोजन) पट्टा २८५० च्या वर, ओडीच्या आड येत नाही. ५ टक्क्यांचं नवं जिप्सम बनवायला क्षार मात्र कोरडे घ्या, नाहीतर त्यांचंच पाणी मिसळून प्रमाण बिघडतं.

बापटकॅम्प: जड पाण्यात पीओपी सेट होतं का हो?

जुना_स्पेक्ट्रो: होतं की. त्यातनं डी असलेलं जिप्समच मिळतं. पण पीओपीचं स्वतःचं पाणी (दर कॅल्शियम सल्फेटमागे अर्धा रेणू) त्यात मिसळतं, तेवढं हिशेबात धरा.