मदत हवी आहे: कॉकटिलची पिल्लं अंड्यातच मरतायत

आम्ही दोघं नवरा-बायको नागपूरला 20 वर्षं पक्षी पाळतोय (देशी पोपट नाहीत हो, ते बेकायदा आहे माहितीये) पण असं पहिल्यांदाच होतंय. कॉकटिलच्या (तुरा असलेला छोटा विदेशी पोपट) एका जोडीची अंड्यांची सलग दुसरी खेप वाया गेली, सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तर 5 पैकी 4 अंड्यांत शिरा छान दिसत होत्या आणि 18-19 दिवसांनी पिल्लू आतच मेलेलं. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी), उकडलेलं अंडं, मोडाचे मूग सगळं चालूये, घरट्याची पेटी बदलून झाली, नर-मादी आळीपाळीने नीट बसतात, जोडी नात्यातली नाही. फक्त हवा भयंकर कोरडी आहे. आज तिसऱ्या खेपेचा 12वा दिवस, इनक्युबेटर नाहीये. पेटीत ओलावा कसा वाढवायचा, आणि अंड्यांवर कोमट पाणी शिंपडलं तर चालतं का?