पोराची कंबर आधी मोजा, मग बोला

रंकाळ्याकाठचा बाप
परवा इथं एका भावानं लिहिलं, "वयात येणाऱ्या पोरांना मेटाबॉलिक सिंड्रोम वगैरे काही नसतं. तपासणीवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. पोरगं खातंय, अंगाला लागतंय, एवढं बघा." मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी यातलं बरंच काही एकदम बिघडणं. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

माझा मुलगा पंधराचा. हातपाय काटक्या आणि शाळेच्या शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. आजी म्हणायची, उंची धरली की पोट आत जाईल. मान काळी पडली तेव्हा मला वाटलं, अंघोळ नीट करत नाही. मी स्वतः बसवून त्याची मान घासणीनं घासली, तो रडेपर्यंत. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन चढलेलं राहिलं की मानेवरची, काखेतली कातडी अशी काळी, जाड होते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा पोराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

कंबर ९१ सेंटीमीटर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १९२, उपाशीपोटी साखर १०४, सगळं जास्त; आणि चांगलं कोलेस्टेरॉल ३४, म्हणजे कमी. बीपी तेवढं बरोबर निघालं. वजन बघून कुणी त्याला जाडा म्हणणार नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक हेच सांगत आलेत. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज मित्राचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच २२.३, पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपली पोरं अशी बारीक दिसून आतून चरबी साठवतात. त्याला 'खात्या घरचं लक्षण' म्हणू नका.

लाल मातीवाला
पोराचं वाईट वाटलं. पण एका पोरावरून सगळं कोल्हापूर आजारी ठरवालाय, ते पटत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं तालमी वाढल्या. आमच्यातली पोरं दुधावर आणि थंडाईवर मोठी झाली, कुणाची मान काळी पडली नाही. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री मोबाईल, मग पोट सुटणारच. दोष खाण्याचा नव्हे, बसण्याचा आहे. आणि कुठंतरी वाचलं, "तीनातल्या एका पोराला" हे असतं म्हणे. आमच्या गल्लीत तीस पोरं आहेत, दाखवा दहा.

लॅबमधली ताई
तो तीनातला एक कुठून आला ते सांगते. अमेरिकेत १९८८ ते ९४ च्या सर्वेक्षणात १२ ते १९ वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण ४.२ टक्के निघालं. मुलांत ६.१, मुलींत २.१. पण ज्यांचं वजन फार जास्त होतं, त्यांच्यात २८.७. लोक शेवटचा आकडा उचलतात आणि सगळ्या पोरांना लावतात. तेव्हा गल्लीत दहा नाही सापडणार, हे तुमचं बरोबर.

पण आपल्याकडचंही ऐका. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या दहापैकी एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. जास्त वजनाची मुलं मात्र शंभरात पाचच. म्हणजे साखर चढलेली ही सगळी जाडी पोरं नव्हेत.

शंका विचारणारा
ताई, मग व्याख्येचंही सांगा की. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या व्याख्येत ट्रायग्लिसराइडची रेघ १५० ला आहे, त्या अमेरिकन अभ्यासात ११० ला. १२५ वाला पोरगा एकीकडे मोजला जातो, दुसरीकडे सुटतो. शिवाय वयात येताना इन्सुलिनचा असर तसाही तात्पुरता कमी होतो. किशोरवयात हे निदान झालेल्यांपैकी निम्म्यांचं पुढच्या तीनेक वर्षांत गळून पडतं, असंही दिसलंय. पंधराव्या वर्षी पोराच्या कपाळावर एवढं मोठं नाव चिकटवून काय मिळवलंत?

रंकाळ्याकाठचा बाप
काय मिळवलं? घरात कोल्ड्रिंक यायचं बंद झालं. संध्याकाळी दोघं रंकाळ्याला पायी फेरी मारतो. नाव नसतं तर आजीनं अजून तूप वाढलं असतं. निम्म्यांचं गळून पडतं ते मान्य. उरलेल्या निम्म्यांत माझा आहे की नाही, हे बसून बघत राहू?

पैलवानाची बहीण
लाल मातीवाले दादा, तालमीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. माझा भाऊ अकराव्या वर्षी तालमीत गेला. पहाटे चारला उठून जोर-बैठका, वर बदाम, तूप, दोन लिटर म्हशीचं दूध. तेव्हा जिरत होतं. सतराव्या वर्षी गुडघा गेला, माती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. आई म्हणायची, पैलवानाच्या पोटाला कमी करायचं नसतं. म्हशीच्या लिटरभर दुधात साठ-सत्तर ग्रॅम फॅट असते, डेअरीला दूध घालणाऱ्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. एकविसाव्या वर्षी त्याला साखरेची गोळी सुरू झाली.

लाल मातीवाला
खुराकाला नावं ठेवू नका! खुराक नसता तर या मातीत एक मल्ल उभा राहिला नसता. वस्तादाला विचारून कमी करायचा असतो, ते घरच्यांचं काम.

पैलवानाची बहीण
वस्तादांनी जोडी सोडवायला शिकवली, खुराक सोडवायला कुणी शिकवलं नाही. माझ्या आईला दोष देऊ नका. तिनं स्वतः कोरा चहा पिऊन त्याला दूध घातलंय.

जिमवाला पोरगा
आमच्याकडं तर बारावीची पोरं डबा-डबा पावडर खातात, वर केळी-दुधाचा शेक. महिन्यात जिम सुटते, शेक चालूच राहतो. तालीम बंद झाली म्हणून काही बदललं नाही.

शंका विचारणारा
विषय आजाराचा होता, दुधावर गेला. तरी खुराकाचा हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, हे कबूल करतो.

लाल मातीवाला
रात्री पुतण्याला उभं करून फीत लावली. सतरा वर्षांचा आहे, मागच्या दिवाळीपर्यंत मातीत होता. चौऱ्याण्णव भरली. ताई, ही किती पाहिजे? तालमीला बोललेलं मला अजून आवडलेलं नाही, ते वेगळं.

लॅबमधली ताई
फीत बेल्टच्या जागी लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. सोळाच्या पुढं आपल्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर. १० ते १६ मध्ये वयाप्रमाणे तक्ता बघावा लागतो. एकट्या कंबरेवरून निदान होत नाही. मान बघा, बीपी मोजा आणि रक्त उपाशीपोटी द्या.

लाल मातीवाला
मान बघितली. सोमवारी सकाळी घेऊन जातो. उपाशीपोटी म्हणजे दूध पण नाही?

लॅबमधली ताई
दूध पण नाही दादा. रात्रीच्या जेवणानंतर बारा तास, फक्त पाणी.