हलकी आणि खांद्याला कमी लागणारी सेमी-ऑटो शॉटगन कोणती घ्यावी?

वऱ्हाडी_मिनेसोटात: नमस्कार मंडळी, मी मिनियापोलिसला असते. ऑक्टोबरात ग्रुपबरोबर साउथ डकोटाला फेझंट पक्ष्याच्या शिकारीला जायचंय. मैत्रिणीची १२ गेज (२० गेजपेक्षा रुंद नळीची) पंप, म्हणजे दर बाराला हाताने मागेपुढे करायची, वापरून बघितली, क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) मारून घरी आले की खांदा काळानिळा. शिवाय दिवसभर गवतातून, मक्याच्या कडेकडेने चालायचं म्हणजे जड बंदूक नकोच वाटते. माझी उंची पाच फूट एक इंच, बजेट पंधराशे डॉलर. २० गेजमध्ये काय घेऊ?

सांगलीकर_डकोटा: ताई, हलकी आणि कमी धक्क्याची या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, हे आधी लक्षात घ्या. काडतूस तेच ठेवून सात पौंडांच्या ऐवजी साडेपाच पौंडांची बंदूक घेतली तर धक्क्याची ऊर्जा पाव पटीहून जास्त वाढते. फ्रँकी अ‍ॅफिनिटी, बेनेली मॉन्टेफेल्ट्रो या इनर्शियावाल्या, म्हणजे धक्क्याच्याच जोरावर पुढचं काडतूस भरणाऱ्या, उचलायला झकास आणि साफसफाईही कमी, पण धक्का बराचसा सरळ खांद्यात येतो. गॅसवालीत त्या कामासाठी काडतुसाचा थोडा गॅस पिस्टनकडे वळतो, त्यामुळे धक्का पसरून येतो, एकदम ठोसा बसत नाही. पिस्टनवर काजळी धरते तेवढी मात्र नेमाने पुसायची. मी तुमच्या जागी असतो तर विंचेस्टर एसएक्स४ कॉम्पॅक्ट २० गेज घेतली असती, गॅसची आहे, साधारण साडेसहा पौंड, आणि दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) १३ इंचांचा.

शेतातला_पॉइंटर: दस्त्याबद्दल +१. लांब दस्ता जॅकेटात अडकतो, बंदूक खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसते आणि तिथेच काळंनिळं होतं. दुकानात जाडजूड जॅकेट घालूनच खांद्याला लावून बघा, डोळे मिटून उचला, उघडल्यावर गाल दस्त्यावर टेकलेला आणि नजर सरळ रिबवर (नळीवरच्या पट्टीवर) हवी. आणि इनर्शियावाली घेतलीच तर एक बघत जा, झुडपात हँडलला धक्का लागून बोल्ट (काडतुसामागची नळी बंद करणारा भाग) किंचित मागे सरकला की पक्षी उडाल्यावर नुसतं ‘टिक’ होतं, बार उडत नाही.

बारा_बोअर: काडतूसही बदला. क्लेला पाऊण किंवा ७/८ औंसाचं हलकं घ्या, पण त्यावर तुमची बंदूक पुढचं काडतूस नीट भरतेय का ते रेंजवरच बघा. फेझंटला एक औंस, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे पुरे. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागेत) शिसं चालत नाही, तिथे स्टील लागेल. कोंबडेच, म्हणजे नर फेझंटच मारायचे, दिवसाला माणशी तीन.

वऱ्हाडी_मिनेसोटात: खूप आभार सगळ्यांचे! जॅकेट घेऊनच जाते शनिवारी.

सांगलीकर_डकोटा: एक राहिलंच. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर चालू हंटिंग लायसन्सशिवाय बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. १९७९ नंतरचा जन्म असेल तर मिनेसोटाचं लायसन्स काढायला आधी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स लागतो, त्यामुळे कोर्स आधी, लायसन्स नंतर, मग दुकान.