पुस्तक मिटवून सिनेमा लावायचा, मग मराठीचा तास कशाला म्हणायचं?

अमळनेरकर

शहाद्याच्या सरांनी काल इथे लिहिलं की नववी-दहावीची पोरं आता वाचत नाहीत, तेव्हा शिक्षकांनी पुस्तकाचा हट्ट सोडावा. शेक्सपियरचा ‘ऑथेल्लो’ समजवायचा तर त्यावरचा इटालियन संगीतकार व्हर्दीचा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, आणि ‘ओंकारा’ हा हिंदी सिनेमा दाखवा, साने गुरुजी शिकवायचे तर अत्र्यांचा ‘श्यामची आई’ लावा, गोडी आपोआप लागेल. खाली लाइक्सची रांग लागली. मला ते रात्रभर खुपत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मराठी शिकवतो. ‘श्यामची आई’मधला उतारा झाल्यावर वर्गाला सांगितलं, श्यामचं घर काढा. ज्यांनी फक्त वाचलं होतं त्यांच्या वह्यांत धाब्याची घरं आली. दारात निंब, ओट्यावर खाट. एकीने चुलीशेजारी कळण्याच्या भाकरींची दुरडी काढली. कोकणातलं पालगड तिने जन्मात पाहिलेलं नाही, पण श्यामच्या आईला तिने आपल्या घरात आणून बसवलं. ज्यांनी सिनेमा आधी पाहिला होता त्यांची घरं मात्र सगळी सारखी, पडद्यावरची. आईचा चेहराही एकच. वाचताना पोराच्या डोक्यात जे उभं राहतं ते त्याचं स्वतःचं असतं. पडद्यावरचं एकदा आत बसलं की ते पुन्हा उभं राहत नाही.

पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला शिंपटीने मारते, आणि नंतर अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात. हे सगळं मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना सांगतोय. मार खाणारं पोर आणि ते आठवणारा माणूस एकाच वाक्यात आहेत. पडद्यावर मारणारी आई दिसते, आठवणारा माणूस हातातून निसटतो. आणि १९५३च्या सिनेमातलं छडीचं गाणं? ते अत्र्यांचं आहे, गुरुजींच्या पुस्तकात नाही. उत्तरपत्रिकेत ते गुरुजींच्या नावावर येतं, हे मी स्वतः तपासलेल्या पेपरांवरून सांगतो.

ऑपेऱ्याचं तर विचारूच नका. व्हर्दीच्या ‘ओतेल्लो’साठी संहिता लिहिणाऱ्या बोइतोने शेक्सपियरचा पहिला अंक पूर्ण कापला आणि कारस्थानी इयागोच्या तोंडी एक लांबलचक गाणं घातलं, की माझा देवच क्रूर आहे, त्याने मला असा घडवला. शेक्सपियरचा इयागो ऑथेल्लोच्या द्वेषाची कारणं बदलत राहतो. कधी बढती हुकली म्हणतो, कधी बायकोवर संशय घेतो, आणि शेवटी विचारलं तर तोंडच उघडत नाही. ते न मिळालेलं उत्तरच वाचकाला छळतं. ऑपेऱ्याने ती रिकामी जागा गाण्याने बुजवली. पोरं तेच शेक्सपियर म्हणून घोकणार.

गुरुजी आमच्याच अमळनेरात शिक्षक होते, १९३० साली नोकरी सोडून चळवळीत जाईपर्यंत. वसतिगृहातल्या पोरांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढायचे. पोरांनी वाचावं म्हणून माणूस रोज लिहीत होता. आपण त्यांच्याच खान्देशात म्हणतोय, वाचत नाहीत ना, मग जाऊ द्या.

शहादा_इंग्रजी

सर, ‘हट्ट सोडा’ हे माझेच शब्द आहेत आणि मी ते मागे घेत नाही.

माझ्या वर्गात घरी भिली, पावरी, गुजर, अहिराणी बोलणारी पोरं आहेत. शाळेची मराठी त्यांना दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी की चौथी ते मोजत बसावं लागेल. त्यांच्या हातात ‘ऑथेल्लो’चं पान दिलं की पहिल्या चार ओळींत वर्ग झोपतो. तुमच्या वर्गातली मुलगी धाब्याचं घर काढू शकली, कारण तिला वाक्यं कळली. ज्यांना वाक्यंच कळत नाहीत त्यांच्या डोक्यात काय उभं राहणार?

मी काय करतो ते ऐका. ऑपेऱ्याची सुरुवातीची चार-पाच मिनिटं लावतो. सायप्रसचा किनारा, वादळ, गर्दी ओरडतेय, जहाज येतंय. भाषा इटालियन, त्यामुळे वर्गात हुशार आणि ढ सगळे एका पातळीवर येतात. मग विचारतो, लोक कशाला घाबरलेत? जहाज बुडावं असं कोणाला वाटतंय? सगळे हात वर. पुढे नवराबायकोचं गाणं लावलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, हिचे आईबाप कुठेत?” तुम्ही म्हणता तो कापलेला पहिला अंक नेमका तिथे होता! डेस्डिमोना बापाला न सांगता ऑथेल्लोशी लग्न करते, बाप दरबारात भांडतो, हे सगळं त्या अंकात आहे, आणि ऑपेऱ्यात तो बापच नाही. आमच्याकडे पळून जाऊन लग्न म्हणजे काय असतं हे त्या पोरींना शिकवावं लागत नाही. त्यांनी तो अंक मागून घेतला. सोपं करून दिला, पण वाचला. पुस्तक आधी दिलं असतं तर ते तिने उघडलं नसतं.

रावेरची_पालक

मी शिक्षक नाही, दहावीतल्या मुलाची आई आहे. एवढंच सांगा, ‘ओंकारा’ शाळेत कोणी लावायला सांगितला? आमच्याकडे एका शिकवणीत तो लावला. पोरगा घरी येऊन त्यातल्या शिव्या लहान बहिणीसमोर म्हणू लागला. मी जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, हे शेक्सपियर आहे.” शेक्सपियर असेल, माझ्या घरात ती भाषा चालत नाही. आणि कृतिपत्रिकेत रसग्रहण लिहायचं असतं, सिनेमाची गोष्ट नाही. फेब्रुवारीपर्यंत गोष्टच सांगत बसलात तर मार्क कोण देणार?

शहादा_इंग्रजी

ताई, पूर्ण ‘ओंकारा’ मी कधीही लावला नाही. शिकवणीवाल्याने जे केलं त्याचं उत्तर माझ्याकडे का मागता? मी फक्त नाटकातल्या रुमालाच्या जागी सिनेमात कमरबंद येतो तेवढा भाग सांगतो, तोही तोंडी. रुमाल हरवला म्हणून ऑथेल्लो बायकोला ठार मारतो, हे आमच्या पोरांना खोटं वाटतं. घरातल्या सोन्याचा कमरबंद दुसऱ्याच्या घरी दिसला, म्हटलं की अख्खा वर्ग गप्प होतो. मूळ नाटकात त्या रुमालाला केवढं वजन आहे ते तेव्हा कळतं.

आप्पा_धुळे

अरे, इटलीला जायचंच कशाला? आपल्याकडे ऑपेरा नव्हता का? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. पहिल्या प्रयोगात चारच अंक होते, तरी लोक वेडे झाले. ज्यांना संस्कृतचं अक्षर येत नव्हतं त्यांना कालिदास पदांतून कळला. तेव्हा कोणी म्हणालं का, आधी मूळ संहिता वाचा, मग थेटरात या? माझे वडील धुळ्याच्या बाजारपेठेत हमाली करायचे. शाळा दोन इयत्ता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली पदं त्यांना पाठ होती. म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावू नये, हे ते त्या पदांच्या जोरावर भावकीत भांडून सांगायचे. यापेक्षा जास्त साहित्य काय शिकवणार तुम्ही? आणि आपलं वहीगायन, खान्देशी लोकगाणी? कानबाई देवीच्या रात्री जागवणारी माणसं कोणती पुस्तकं वाचून आली? आपली बहिणाबाई तर अहिराणीत गात गात मोठी झाली, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं!

भालोदकर

आप्पा, बाकी सगळं ठीक. बहिणाबाई अहिराणीत गात नव्हत्या. त्यांची बोली लेवा गणबोली. आसोदा माहेर, जळगाव सासर. हे किती वेळा सांगायचं? त्यांच्या कवितेत ‘माझी’, ‘माझ्या’ आहे, अहिराणीत ‘मनी’, ‘मन्या’ झालं असतं. खान्देश म्हटलं की सगळं अहिराणीच्या खात्यावर टाकायचं, ही सवय सोडा.

पारोळा_वाचनालय

भालोदकर दादा, बोलीचं म्हणणं बरोबर. पण ‘अहिराणीचं खातं’ हा काय शब्द? अहिराणीचं खातं कायम रिकामंच ठेवलं गेलं आहे. बहिणाबाईंचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला मिळालं, चांगलं झालं. पण अहिराणी बोलणारं पोरगं वर्गात ‘आहे’ला ‘शे’ म्हणालं की अजून हशा होतो. मी लहानपणी मार खाल्ला आहे त्यासाठी. आमना पोरेसले पुस्तकनी मराठी परकी वाटस, हाई खरं शे. ते कोणी ऐकत नाही.

भालोदकर

मार आम्हीही खाल्ला. लेवा बोली म्हणजे गावंढळ मराठी असं आम्हाला पुण्यात ऐकवलं गेलं. कादंबरीकार नेमाडे आमच्या यावल तालुक्यातले, त्यांची पुस्तकं वाचून लोकांना आमचं गाव कळलं. म्हणून तर दुसऱ्याचं नाव आमच्या कवयित्रीवर लावलं की राग येतो.

आप्पा_धुळे

चुकीचा शब्द वापरला, मान्य. पण लेवा काय, अहिराणी काय, मुद्दा हा की बाई गात होती. जात्यावर, शेतात. साहित्य कानाने येतं.

अमळनेरकर

आप्पा, आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ते कागदावर उतरवलं नसतं तर? बहिणाबाई १९५१ला गेल्या, पुस्तक १९५२ला आलं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. कानावर सोडून दिलं असतं तर आज तुम्ही-आम्ही बोली कुठली यावर भांडलो तरी असतो का? गाणं होतं हे खरं, पण लिहिलं म्हणून ते आसोद्याच्या बाहेर गेलं. माझं म्हणणं तेच आहे.

‘शाकुंतल’चं मात्र मला उत्तर देता येत नाही, हे लिहून टाकतो. किर्लोस्करांनी आधी संस्कृत शिकायला सांगितलं नाही, आणि त्यातून मराठी रंगभूमी उभी राहिली. ठीक. पण ती मोठी माणसं होती, पदरचे पैसे खर्चून येणारी. चौदा वर्षांच्या पोराला वाचायची सवय लावायची वेळ एकदाच असते.

पारोळा_वाचनालय

सवयीचं मी सांगतो, कारण माझ्याकडे रजिस्टर आहे. २०१६च्या जानेवारीत ‘नटसम्राट’ सिनेमा आला. तोवर आमच्याकडची कुसुमाग्रजांच्या नाटकाची प्रत कपाटात धूळ खात होती. त्यानंतर हायस्कूलची पोरं रांगेत. स्वगत कोणत्या पानावर आहे ते विचारायची. प्रत इतकी फिरली की बांधणी सुटली, दुसरी मागवावी लागली. व्हर्दी आयुष्यभर शेक्सपियरच्या ‘लिअर’वर ऑपेरा करायचा म्हणत राहिला आणि त्याला तो जमला नाही. शिरवाडकरांनी लिअरचा म्हातारा उचलून इथे नट करून ठेवला, आणि पारोळ्याच्या पोरांना तो सिनेमाने दिला. सर, हे नाकारून दाखवा.

अमळनेरकर

नाकारत नाही. एक विचारतो, स्वगताचं पान वाचून झाल्यावर त्या पोरांनी दुसरं नाटक नेलं?

पारोळा_वाचनालय

सगळ्यांनी नाही. एकाने शिरवाडकरांचंच ‘राजमुकुट’ नेलं. तो आता नाशिकला नाटकात काम करतो.

अमळनेरकर

म्हणजे एक. बाकीच्यांना नाना पाटेकर हवे होते.

पारोळा_वाचनालय

तुमच्या वर्गातून दरवर्षी एक तरी निघतो का, सर?

रावेरची_पालक

तुम्ही सगळे मोठमोठी नावं घेताय. आमच्या शाळेत टीव्ही आहे, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत क्रिकेटसाठी लागतो. वर्गात आणला तर दुपारी लाइट नाही. असली तर खिडक्यांना पडदे नाहीत, पडद्यावर फक्त ऊन दिसतं. तास ३५ मिनिटांचा, सिनेमा दोन तासांहून मोठा. निम्म्यात घंटा वाजते आणि पुढचा भाग कधीच येत नाही. मुलाने ‘श्यामची आई’ असा अर्धाच पाहिला आहे. श्यामची आई शेवटी जाते हे त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री मी सांगितलं. पुस्तक निदान घरी नेता येतं.

शहादा_इंग्रजी

ताई, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. अर्धा सिनेमा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. म्हणूनच मी पाच मिनिटांचा तुकडा घेतो, मोबाइल आणि एक स्पीकर, बस. सर मला पूर्ण सिनेमावाला समजून भांडतायत.

अमळनेरकर

तुमच्या पोस्टमध्ये ‘सिनेमा लावा’ असं होतं, ‘तुकडा’ कुठे होता? आता कळलं. तुकडा, आणि तोही प्रश्न पडावा म्हणून, मग लगेच पान हातात. एवढं असेल तर माझा विरोध अर्धा उरतो. उरलेला अर्धा हा, की जी पोरं वाचू शकतात त्यांना आधी वाचू द्या. चेहरा त्यांना स्वतःला काढू द्या.

शहादा_इंग्रजी

मग करून पाहू. जूनमध्ये तुमच्याकडे दोन तुकड्या आहेत ना? पोहण्याचाच प्रसंग घ्या. एका तुकडीला आधी वाचायला द्या, दुसरीला आधी तुकडा दाखवा आणि मग वाचायला द्या. दोघांना एकच प्रश्न, आईच्या डोळ्यांत पाणी का आलं. मी माझ्याकडेही करतो.

अमळनेरकर

चालेल. प्रश्न मी काढणार, आणि वह्या एकमेकांच्या तपासायच्या. कोणत्या तुकडीची वही आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये.

पारोळा_वाचनालय

आणि पोरांना उत्तर त्यांच्या बोलीत लिहू द्या. अहिराणीत, पावरीत, जी असेल ती.

भालोदकर

लेवा गणबोलीतही.

अमळनेरकर

पावरी मी तपासणार कशी? पहिलं उत्तर बोलीत चालेल, सोबत मराठीत दोन ओळी हव्यात. यापुढे मी सरकणार नाही.

पारोळा_वाचनालय

दोन ओळी पुरत नाहीत म्हणून तर बोली मागतोय. पण ठीक, जूनला पाहू. स्पीकर वाचनालयाचा घेऊन जा, सही करून.